अर्ध्या फळ्याचा व्हिडिओ

आमच्या केंद्रात, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटात, कुणी मोठे साहेब येणार असले की त्यांना हमखास आमच्या शाळेत आणत आणि माझ्याच वर्गात बसवत. तिसरी-चौथी एकत्र, तेवीस मुलं, आणि प्रश्न विचारला की माझं वाक्य संपायच्या आत उत्तर तयार. मी फळ्यापाशी उभी राहून धडाधड विचारायची, पोरं धडाधड सांगायची. साहेब खूश होऊन शेरा लिहायचे आणि चहा पिऊन जायचे. नगर जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यातल्या एका वस्तीवरची ही दोन शिक्षकांची शाळा. मला तिथे आठ वर्षं झाली होती आणि नोकरीत पंचवीस. त्या शेऱ्यांची मला चटक लागली होती, हे आता कबूल करायला हरकत नाही.

मी मुळातच घाईची. जेवते घाईत, बोलते घाईत, स्कूटी चालवते घाईत. समोरच्याचं वाक्य मीच पुरं करते, आणि बहुतेक वेळा बरोबर करते, त्यामुळे ही खोड मोडायचं कधी मनावर घेतलं नाही. ती कुठून लागली तेही मला माहीत आहे. आम्ही बौद्ध. माझ्या लहानपणी गावच्या शाळेत आमच्या वस्तीतल्या मुली मागे बसत. गुरुजी काही वाईट नव्हते, पण आम्हाला ते दुसऱ्यांदा विचारत नसत. एकदा त्यांची नजर यायची. तेवढ्यात उत्तर दिलं तर दिलं, नाहीतर नजर पुढे गेलेली असायची. म्हणून मी उत्तर जिभेवर ठेवूनच बसायची. त्या घाईनेच मला डी.एड.पर्यंत नेलं, नोकरी दिली, घर दिलं. जो पटकन सांगतो तो हुशार, हे मला वेगळं कुणी शिकवावं लागलं नाही.

आणि चौथीत एक मुलगी होती. अंगाने बारीक, घट्ट वेण्या, पाटी-वही नीट ठेवणारी, कधी कुणाशी भांडण नाही. फक्त तिला काही विचारलं की ती गप्प उभी राहायची. मी पुढच्याला विचारलं, त्याने सांगितलं, मी तिसरा प्रश्न घातला, की मधेच ही काहीतरी आकडा बोलायची, तोही ज्याचा कशाशी संबंध नाही असा. वर्ग हसायचा. मी हसत नसे, पण 'बस खाली' म्हणायची. दीड वर्ष हे चाललं.

त्या वर्षी सप्टेंबरात विशेष गरजा असणाऱ्या मुलांची यादी मागवली गेली. यादीबद्दल माझं काही म्हणणं नाही. त्या यादीमुळे आमच्याच शाळेतल्या एका मुलाला कानाचं यंत्र मिळालं आणि तो पहिल्यांदा आपलं नाव ऐकून वळला, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण यादी भरायला बसले आणि मी त्या मुलीचं नाव लिहिलं. पुढच्या रकान्यात लिहिलं, 'आकलन कमी. असंबद्ध उत्तरे देते.' त्याला मला एक मिनिटही लागलं नसेल.

मग तिच्या आईला बोलावलं. ती रोजाने शेतात कामाला जाते. मधल्या सुट्टीत तशीच आली, पदराला माती, दारातच उभी. मी म्हटलं, "आत या की." ती आत आली, पण बसली नाही.

"हिला शाळेचं झेपत नाही," मी म्हटलं. "तपासणीला न्यावं लागेल. घाबरायचं काही कारण नाही."

तिने मुलीकडे पाहिलं. "बाई, घरी तर ती..."

"घरी कामात चांगली असणार," मी म्हटलं. "अशी मुलं कामाला चांगली असतात."

तिने पदराची माती झटकली आणि विचारलं, "मंग सुप्याला धाडू का? माजी बहीन हाय तितं. दाजी कंपनीत हायेत, बहिनीलाबी काम लागलंय. तान्हं बाळ हाय, त्याला बगाया कुनी न्हाई. कांद्याची लागन उरकली की न्यायला येते म्हनली हुती."

त्या वेळी मला 'मुळीच नाही' म्हणता आलं असतं. चौथीतली मुलगी शाळा सोडून बाळ सांभाळायला जाणार म्हटल्यावर एरवी मी सगळी वस्ती डोक्यावर घेतली असती. पण मी काय म्हटलं, तर "तपासणी होऊ द्या, मग बघू." मी स्वतःच तिला सांगून बसले होते ना, की हिला झेपत नाही. मग कुठल्या तोंडाने नाही म्हणणार?

त्याच महिन्यात आम्हाला नगरला तीन दिवसांचं प्रशिक्षण लागलं. वर्गात डिजिटल साधनं कशी वापरायची त्याचं. अशी प्रशिक्षणं आम्ही कशी करतो ते बाहेरच्यांना सांगायला जरा लाज वाटते. ऑनलाइन असेल तर मोबाईल चार्जिंगला लावून व्हिडिओ आपला चालू ठेवायचा आणि भाजी निवडायची. शेवटच्या चाचणीची उत्तरं कुणीतरी उत्साही माणूस ग्रुपवर टाकतोच, पहिल्याचं ब, दुसऱ्याचं क. मग प्रमाणपत्र येतं. माझ्याकडे अशी प्रमाणपत्रं भरपूर होती आणि मोबाईलवरून पीडीएफ कशी पाठवायची हे मी आमच्या सरांना विचारत होते. सर म्हणजे आमच्या शाळेचे मुख्याध्यापक आणि पहिली-दुसरीचे शिक्षक, एकच माणूस. माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, आणि मोबाईल त्यांच्या हातात शहाण्यासारखा वागतो.

नगरचं प्रशिक्षण मात्र समोरासमोर होतं, त्यामुळे भाजी निवडायची सोय नव्हती. शिकवायला एक तरुण मुलगी होती, माझ्या मुलीच्या वयाची. प्रश्नमंजूषा तयार करणं, आवाज टिपणं, व्हिडिओ कापणं, असं बरंच तिने करून घेतलं. शेवटी घरचा अभ्यास दिला. दहा मिनिटांचा पाठ आडव्या मोबाईलवर चित्रित करायचा, स्वतः पाहायचा, आणि सोबतचा तक्ता भरून दोन्ही अपलोड करायचं. तक्त्यात एक रकाना होता, 'प्रश्न विचारल्यानंतर थांबलेला वेळ, सेकंदांत.'

"थांबायचं कशाला?" मी विचारलं. "पोरांना येतं माझ्या."

वर्ग हसला. तीही हसली आणि म्हणाली, "मॅडम, एकदा बघून तर घ्या." मला तिचा रागच आला. पंचवीस वर्षं शिकवल्यावर या पोरीने मला सेकंद मोजायला सांगावेत. परतीच्या एसटीत आम्ही चौघी शिक्षिकांनी ठरवून टाकलं की त्या रकान्यात सगळ्यांनी पाच ते सात लिहायचं. शून्य लिहिलं तर बरं दिसत नाही आणि दहा लिहिलं तर पोरांना येत नाही असं वाटतं.

व्हिडिओ करायला दिवाळीची सुट्टी संपून नोव्हेंबर उजाडला. आमच्याकडे पाठाचं चित्रीकरण म्हणजे साहेबांच्या भेटीची रंगीत तालीम असते तसंच. आदल्या दिवशी मी तीच गणितं तोंडी घेऊन ठेवली. दुसऱ्या दिवशी स्वच्छ गणवेशातली, खणखणीत आवाजाची मुलं पुढे बसवली. जी अडखळतात ती खिडकीकडच्या रांगेत. त्या मुलीला मी अगदी कोपऱ्यात, खिडकीखाली बसवलं, मुद्दाम, चित्रात यायला नको म्हणून. तिने दप्तर उचललं आणि काही न विचारता जाऊन बसली.

मोबाईल ठेवायला स्टँड नव्हता. टेबलावर पृथ्वीगोल होता, त्याला मी मोबाईल आडवा टेकवला, फळा नीट चौकटीत आणला, बटण दाबलं आणि पाठ सुरू केला. पृथ्वी फिरते हे मी स्वतः तिसरीला शिकवते. पण मोबाईलच्या वजनाने गोल हळूहळू फिरत गेला आणि मोबाईल घसरत घसरत खिडकीकडे वळला, हे मला दहा मिनिटं कळलं नाही. मी आपली फळ्यापाशी रंगात आलेली.

नंतर पाहिलं तर चित्रात अर्धा फळा, माझा एक खांदा आणि बाकी सगळी खिडकीकडची रांग. जिला लपवली तीच मधोमध. मी डोक्याला हात लावला. सर हसायचे थांबेनात.

"हसू नका," मी म्हटलं. "सोमवारी पाचच्या आत टाकायचाय हा."

"मग कापू की मॅडम," सर म्हणाले. "सुरुवातीचा फळा दिसतोय तेवढा ठेवू, बाकी उडवू. हे बघा, ही खालची पट्टी म्हणजे सगळा व्हिडिओ. ही पांढरी रेघ बोटाने ओढायची. जिथे थांबेल तिथे कात्री दाबायची. आणि ही खाली टेकाडं दिसतात ना, तो आवाज. बोलणं आलं की टेकाड, गप्प झालं की सपाट."

रविवारी दुपारी जेवणं उरकून मी कर्जतला घरी चष्मा लावून बसले. कानात इअरफोन घातले, कारण कापताना शब्द मधेच तुटायला नको. पांढरी रेघ मागेपुढे ओढत चालले होते. माझा आवाज आला, 'बावन्नमधून सतरा गेले?' मोठं टेकाड. लगेच पुढच्या रांगेचा एका सुरातला 'पस्तीस.' त्याहून मोठं टेकाड. मधे सपाट जागा जवळजवळ नाहीच. मला बरंच वाटलं. लगेच माझा पुढचा प्रश्न, 'त्रेसष्टमधून सव्वीस?' पण त्या प्रश्नाच्या टेकाडाला लागून एक बारीकसं उंचवट्यासारखं काही होतं. मला वाटलं बाक सरकला असेल. तिथेच कापावं म्हणून रेघ मागे घेतली आणि पुन्हा ऐकलं. कुणीतरी हळूच म्हणत होतं, 'पस्तीस.'

चित्रात पाहिलं. ती मुलगी. ओठ हलले होते.

मी रेघ पुढे नेली. 'त्रेसष्टमधून सव्वीस?' वर्ग म्हणाला, 'सदतीस.' मी म्हणाले, 'शाबास. ऐंशीमधून चौतीस?' आणि पुन्हा तेच, माझ्या आवाजाखाली दबलेलं, 'सदतीस.' त्यानंतर माझा अर्धा खांदा तिच्याकडे वळतो. 'तू सांग गं, ऐंशीमधून चौतीस?' ती उभी राहते. एक सेकंद मोजून व्हायच्या आत मी 'बस खाली' म्हणते. ती बसते. वर्ग ओरडतो, 'शेहेचाळीस.' मी नवीन गणित घालते. आणि ती खाली बसल्या बसल्या, खिडकीकडे तोंड करून म्हणते, 'शेहेचाळीस.' बरोबर उत्तर, फक्त वर्ग पुढे गेल्यावर.

दहा मिनिटांचा तो व्हिडिओ मी संध्याकाळपर्यंत बघत होते. ती एकदाही चुकली नव्हती. दीड वर्ष जिला मी असंबद्ध म्हणत होते, ती प्रत्येक वेळी माझ्याच आधीच्या प्रश्नाचं उत्तर देत होती. आणि आणखी एक गोष्ट उशिरा लक्षात आली, ती मला जास्त झोंबली. ती गणितं मी आदल्या दिवशी घेतलेली होती. पुढच्या रांगेने उत्तरं पाठ केली होती, त्यांना विचार करायची गरजच नव्हती. त्या वर्गात त्या दिवशी वजाबाकी करणारी ती एकटीच होती.

मला स्वतःची भयंकर लाज वाटली. चूक झाली एवढ्याचीच नाही. माझ्यावरून पुढे जाणारी ती नजर मी लहानपणी अनुभवलेली होती, आणि तीच मी आता इतकी वर्षं वापरत आले होते. मी त्या नजरेला घाईने हरवलं, म्हणून मला वाटलं प्रत्येकाने तसंच हरवावं. ज्यांना जमलं नाही ती मुलं कुठे गेली असतील, हा विचार त्या दिवशी पहिल्यांदा मनात आला, आणि मी तो फार वेळ करू शकले नाही.

व्हिडिओ मी कापला नाही. तसाच, अर्ध्या फळ्याचा, अपलोड केला. तक्त्यात 'एक' लिहिलं. ग्रुपवर एकीने विचारलं, "मॅडम, सेकंद किती टाकले? पाच ना?" मी लिहिलं, "माझा एक आला. तुम्ही बघून टाका." त्यावर कुणी अंगठ्याची इमोजीसुद्धा टाकली नाही.

सोमवारी सरांना व्हिडिओ पुन्हा दाखवला, या वेळी इअरफोन लावून. त्यांनी दोनदा पाहिला आणि खुर्चीत मागे टेकले. "माझ्याकडे दोन वर्षं होती ती," ते म्हणाले. "मला वाटायचं लाजाळू आहे." यादी त्यांनीच ऑनलाइन भरून पाठवायची होती. मुदत दिवाळीनंतरपर्यंत वाढली होती आणि आता वस्तीवर तीन दिवस नेट नव्हतं, म्हणून ती अजून गेलीच नव्हती. नेट नसल्याचा आनंद मला आयुष्यात तेवढा एकदाच झाला. नाव निघालं.

मग वर्गात गेले. आज थांबायचं, असं ठरवूनच गेले. तिच्याजवळ जाऊन विचारलं, "एक्केचाळीसमधून बारा?" आणि गप्प उभी राहिले. सगळा वर्ग हात नाचवायला लागला, 'बाई मी, बाई मी.' मी बोट ओठावर ठेवलं. माझी जीभ आतून वळवळत होती. वाटलं, निदान 'कर, कर, येतंय तुला' एवढं तरी म्हणावं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती आणि काहीच बोलत नव्हती. मी थांबले, थांबले, वर्ग चुळबुळ करायला लागला, तरी ती गप्पच. शेवटी मी हरले आणि फळ्याकडे वळले. पाठ फिरली मात्र, मागून आवाज आला, "एकोनतीस."

तेव्हा कळलं की ती नुसती सावकाश नव्हती. बाईंची नजर वळल्यावर बोलायचं, हे ती माझ्याच वर्गात शिकली होती. त्या आठवड्यात मी तिला विचारायची आणि फळा पुसायला लागायची, नाहीतर खिडकीबाहेर बघायची. हळूहळू उत्तर येऊ लागलं. वर्गाची गाडी मात्र रखडायला लागली. चुणचुणीत पोरं कंटाळली, एकाने तर विचारलं, "बाई, तुमाला बरं न्हाई का?" साहेब त्या आठवड्यात आले असते तर त्यांनी शेरा लिहिला नसता.

यादीतलं नाव निघालं होतं, पण तिच्या आईला मी जे बोलले होते ते तसंच होतं. आणि वस्तीवर कांद्याची लागण संपत आली होती. शुक्रवारी ती मुलगी वह्या गोळा करताना म्हणाली, "बाई, ह्या वह्या ठिवून जाऊ का? म्हंजी दुसऱ्या कुनाला लिवता यील." मावशी रविवारी न्यायला येणार होती.

शनिवारी सकाळची शाळा सुटली. मी तिला स्कूटीवर मागे बसवलं आणि आई कामाला होती त्या शेतावर गेले. वाफ्यांत पाणी सोडलेलं, सात-आठ बाया ओळीने वाकून रोपं खोवत होत्या. तिची आई उठली, पाटात हात धुतले आणि बांधावर आली. मुलीला सोबत पाहून तिचा चेहरा उतरला. तिला वाटलं आणखी काही तक्रार आणलीय.

"माझं चुकलं," मी म्हटलं. एवढं म्हणायला मला सकाळी कर्जतच्या घरून निघाल्यापासून तयारी करावी लागली होती. "हिला झेपत नाही असं मी तुम्हाला म्हटलं ना, ते खोटं निघालं. हिला सगळं येतं. मीच थांबत नव्हते."

मी तिला व्हिडिओ दाखवला. उन्हात दिसेना, म्हणून तिने पदराची सावली धरली. इअरफोनचं एक टोक तिच्या कानात, एक माझ्या. आधी मुलगी दिसली म्हणून ती हसली. मग मी रेघ ओढून एकेक जागा दाखवली, हा प्रश्न, हे हिचं उत्तर. ती बघत राहिली. तिला नवल वाटलेलं मला दिसलं नाही.

"हां," ती म्हणाली. "आशीच बोलती ती. घरीबी आशीच. काय इचारलं की जरा दम धरावा लागतो. सासू म्हनती, आज्यावर गेलीय. आज्याबी तसाच हुता, पन बोलला की ठाम. आमी थांबतो. सवय झालीय आता."

"मग मला का नाही सांगितलं?" मी फटकन म्हटलं. माझा स्वभाव जातो कुठे.

"आमाला वाटलं, साळंत तसं थांबून चालत नसंल," ती म्हणाली.

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तिला खरंच तसं वाटलं होतं. त्यावर मी माझ्या नेहमीच्या घाईने सुरू झाले. पुढच्या वर्षी पाचवी, मोठ्या गावातल्या शाळेत मी स्वतः येऊन तिथल्या बाईंशी बोलेन, हिचं गणित चांगलं आहे, शिष्यवृत्तीला बसवू, सुप्याला आता धाडू नका, बाळाची दुसरी काहीतरी सोय होईल. मी किती बोलले कोण जाणे. ती ऐकत होती.

"बहिनीला सबुद दिलाय मी," ती शेवटी म्हणाली. "तिचीबी अडचन हाय. आन् हिचा त्या बाळावर लई जीव हाय. तुमी म्हनता ते खरं, पन आता तिलाच इचारू." ती मुलीकडे वळली. "मावशीकडं जायचं का साळंत? तुज्या मनात काय हाय ते सांग."

मुलगी बांधावर बसली होती. शेजारी पडलेली रोपांची जुडी हातात घेऊन तिची पात ती बोटांनी सरळ करत होती. तिने मान वर केली नाही. वाकलेल्या बाया एक ओळ संपवून दुसरीला लागल्या. पाटातलं पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात गेलं. मला दिसत होतं की ती मावशीकडेच म्हणणार. बाळावर जीव आहे म्हणे, आणि शाळेने तिला कोपऱ्याशिवाय दिलं होतं काय? आता मी बोलले नाही तर ही मुलगी हातची जाईल, असं वाटलं. मी पुढे झाले. "हे बघ बाळा, तू..."

आईने माझ्या मनगटावर हात ठेवला. हात ओला आणि गार होता.

"थांबा बाई," ती म्हणाली. "सांगती ती."

मी थांबले. तिने हात काढला नाही.

बऱ्याच वेळाने मुलीने जुडी खाली ठेवली. "साळंत जाते," ती म्हणाली. "मावशीला म्हनावं, बाळाला हितं आन. आजी घरीच असती, ती बगल. साळा सुटल्यावर मी बगल. मावशीनं रविवारी येत जावं."

आईने आणि मी एकमेकींकडे पाहिलं. हे आम्हा दोघींपैकी एकीलाही सुचलं नव्हतं.